एक नंबरची मशीन

माझा नवरा माझ्याआधी दुसऱ्याच बाईला दिसायचा, आणि तोही स्वच्छ. हे लिहिताना आजही माझे कान तापतात. त्यात लफडं-बिफडं काही नव्हतं, उगाच भलता अर्थ काढू नका. असतं तर एक वेळ बरं झालं असतं, भांडायला तोंड तरी मिळालं असतं. माझा सगळा जळफळाट एका कम्प्युटरपायी होता. त्या कम्प्युटरला आम्ही एक नंबरची मशीन म्हणायचो, आणि तिच्यापुढे बसायची माझी शेजारीण.

दोन हजार सात-आठचं साल असेल. चंद्रपूरकडच्या आमच्या सावली गावात आम्हाला ठाऊक असलेला सायबर कॅफे एकच, बस स्टँडसमोर, झेरॉक्स आणि रिचार्जच्या दुकानामागच्या खोलीत. त्याचे मालक आधी एसटीडी बूथ चालवायचे. लोकांच्या हातात मोबाइल आले, बूथ बसला, तेव्हा त्यांनी त्याच काचेच्या पेटीत कम्प्युटर मांडला. ती पेटी म्हणजे एक नंबर. बाकीच्या मशिनी मागच्या भिंतीला लागून, प्लायवुडचे आडोसे घालून ठेवलेल्या. मालकांना सगळं गाव भाईजान म्हणायचं.

आमचे हे वेल्डर. चंद्रपूरला आयटीआय केलेलं. लग्नाला पाच महिने होत नाहीत तो कुवेतचा व्हिसा आला. शेजारी टेलरचं घर. त्यांचा मुलगा इलेक्ट्रिशियन. तो आणि हे एकाच एजंटामार्फत गेले, एकाच कंपनीत लागले, आणि कामगारांच्या कॅम्पात एकाच खोलीत राहिले. त्या इलेक्ट्रिशियनची बायको म्हणजे ही माझी शेजारीण. वयानं माझ्याएवढीच, पण तिच्या लग्नाला चार वर्षं झालेली, म्हणून मी तिला भाभी म्हणायची. आणि भाईजान तिच्या सासूचे सख्खे भाचे. सगळी गोम तिथंच होती.

शुक्रवारी तिकडं सुट्टी. जुम्म्याची नमाज पढून तिचा नवरा खोलीवर आला की इकडं आम्ही दोघी चपला घालायचो. रस्त्यानं दोघी गप्पा मारत जायचो, हसत जायचो. कॅफेचं दार आलं की वाटा वेगळ्या. ती डावीकडं काचेच्या पेटीत, मी सरळ मागं आडोशात.

तिकडं खोलीत कम्प्युटर एकच होता आणि तो भाभीच्या नवऱ्यानं घेतलेला, म्हणून पहिला नंबर तिचा. हेडफोन सगळे मोडलेले. स्पीकरवर बोलायचं, सगळ्या खोलीनं ऐकायचं. मी मागच्या मशीनपुढे हात बांधून बसायची आणि पुढून आवाज यायचे. आधी तिच्या नवऱ्याचा, मग थोड्या वेळानं माझ्या नवऱ्याचा. तो मधेच डोकं खुपसायचा.

"भाभी, सलाम! आज काय शिजवलं? वास इथपर्यंत येऊन राह्यला."

"तुमारे नसीब में नहीं है भैया, सूंघ के ही पेट भरो!"

आणि मग हशा. माझ्या नवऱ्याचं ते हसणं मी पाच महिन्यांत दोन-तीनदा ऐकलं असेल. इथं दर शुक्रवारी ते स्पीकरमधून फुकट वाहायचं, आणि मी पाठमोरी बसून ते कानात गोळा करायची. अव माय, काय जळायची मी! वाटायचं उठावं आणि त्या काचेवर दगड हाणावा.

मग माझा नंबर यायचा. पडद्यावर आधी काळा चौकोन. मग त्यात चौकड्या-चौकड्या. मग त्या चौकड्यांतून अर्धं कपाळ, एक डोळा. एवढ्यावर चित्र अडकायचं. डोळा मिटलेला असला तर मिटलेलाच.

"आवाज येऊन राह्यला का?"

"हव. तुमाले?"

"काय?"

"म्हटलं तुमाले येऊन राह्यला का?"

"थांब... आता... तू जेव..."

झालं, खटका. आमचा संसार म्हणजे एवढाच: आवाज येऊन राह्यला का. घरी सासू विचारायची, काय म्हणते माहा पोरगा? मी सांगायची, बरे आहेत, तुमची आठवण काढत होते. बनवूनच सांगायची. काय करणार?

एका शुक्रवारी परत येताना भाभी सहज म्हणाली, "तेरे घरवाले ने मूंछ उडा दी, देखी क्या? पैचान में नहीं आते!"

मला माहीत नव्हतं. माझ्या पडद्यावर त्या दिवशी नाकाखाली निव्वळ करडी चौकडी होती. मी म्हटलं, "हव, पाह्यलं नं. मीच सांगतली होती काढाले." आणि घरी येऊन मोरीत बसून रडले. ज्याची मिशी, त्याच्या बायकोला पत्ता नाही, आणि शेजारणीला आहे. हा कुठला न्याय?

भाभी वाईट नव्हती, हेच तर दुखणं होतं. एकदा तिनं स्वतःहून म्हटलं, "तू बैठ जा मेरी जगह पे, पाच मिनट. मैं बाहर रुकती." मी म्हटलं, नको. काऊन नको? तिच्या उठल्या खुर्चीवर, तिनं दिलेल्या पाच मिनिटांत मी माझ्याच नवऱ्याला बघू? भीक नको मला. घरी येईपर्यंत पस्तावले, पण परत तिनं विचारलं असतं तरी नकोच म्हटलं असतं. मी अशीच आहे.

आता तुम्ही म्हणाल, मशीन खराब असेल. मलाही आधी तेच वाटायचं. मी बी.ए. केल्यावर कम्प्युटरचा छोटा कोर्स केला होता, त्यामुळे एवढं कळत होतं की मागची मशीन दिसायला जुनी असली तरी इतकी मठ्ठ नाही. एक दिवस मी भाईजानच्या काउंटरजवळ उभी राहून त्यांच्या पडद्याकडं बघितलं. तिथं सगळ्या मशिनींची नावं होती आणि नावापुढं एक पट्टी. एक नंबरची पट्टी भरलेली, बाकीच्यांची निव्वळ शेपटी.

"भाईजान, हे काय हाये?"

त्यांनी लपवलं नाही. "लाइन तो एकच है न बेटी. एक नंबर को फुल दिया, बाकी में बाँट दिया. ठेकेदार लोग आते, टेंडर का काम रहता, ज्यादा पैसे देते. उनको रुकाऊँ क्या?"

"अन् भाभी? ते कोनता टेंडर भरते?"

"वो घर की है," ते म्हणाले, आणि झेरॉक्सच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

म्हणजे खराबी नव्हती. हातानं केलेलं होतं. कोणाचा नवरा हसणार आणि कोणाचा अडकणार, हे काउंटरवरून ठरत होतं. त्या दिवशी माझ्या अंगाचा जो तिळपापड झाला तो पुढचे कित्येक दिवस थंड झाला नाही. भाकरी थापताना, पाणी भरताना, निजताना डोळ्यापुढं ती भरलेली पट्टी.

अशात नागपूरहून माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचा मेल आला. ती तिथं कुठल्याशा कम्प्युटरच्या ऑफिसात होती, आणि तेव्हा सगळे पाठवायचे तसले पुढं ढकललेले मेल मलाही पाठवायची. देवाचे फोटो, विनोद, दहा जणांना पाठवा नाही तर वाईट होईल. त्यातच हा. वर तिनं लिहिलेलं, "हे वाच, आणि सही कर." खाली एका पानाचा पत्ता.

मी तो दाबला आणि पान उघडायला लागलं. उघडायला लागलं म्हणजे काय, वरून एकेक ओळ उतरायला लागली. आधी काळी पट्टी उतरली. मग पांढरी अक्षरं. मी दळण ठेवून आले, परत आले, तरी पान गुडघ्यापर्यंतच. इंग्रजी होतं. अडखळत वाचलं. अमेरिकेतल्या लोकांनी लिहिलं होतं की इंटरनेटच्या मोठ्या कंपन्या आता दोन रस्ते करायला निघाल्या आहेत. जो जास्त पैसे देईल त्याचं पान भुर्रकन उघडेल, बाकीच्यांचं रांगत येईल. हे होऊ देऊ नका. इंटरनेट सगळ्यांना सारखं पाहिजे. कोण काय बघतो, कोणाशी बोलतो, यावरून पुढं-मागं करायचा हक्क लाइनवाल्याला नाही. सही करा, आपल्या वेबसाइटवर काळी पट्टी लावा, इतरांना सांगा.

मी खुर्चीत ताठ बसले. माझंच लिहिलं होतं की! आमच्या इकडं फॉरेस्ट नाक्यावर ठेकेदाराचा ट्रक आला की दांडा आधी वर होतो, आणि एसटी आपली उभी. आतली माणसं घामानं भिजतात, कोणी काही बोलत नाही, कारण नेहमीचंच. मलाही वाटत होतं हे नेहमीचंच, माझ्या नशिबातच मागची मशीन. आणि इथं सात समुद्रापलीकडं माणसं ओरडून सांगत होती की हे चालणार नाही. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. त्यांना खात्रीनं माझ्यासारखीच कोणी भाभी असणार.

पानाच्या शेवटी नाव, गाव आणि एक मोठा चौकोन होता. तुमचं म्हणणं लिहा. खाली एक बारीक चौकोन, आधीच बरोबरची खूण केलेला, त्यावर लिहिलेलं की तुमच्या पत्त्यांच्या यादीतल्या सगळ्यांना हे कळवू. मी म्हटलं, कळवा, जितक्या सह्या तितकं बरं.

आता माझं काय चुकलं ते सांगते. चुकलं कशाला म्हणू, आमच्याकडं कोणीही हेच केलं असतं. आमच्याकडं म्हणणं लिहा म्हटलं की अर्ज लिहितात. तहसीलला लिहितात तसा. आणि अर्ज कोणी वाचत नाही हे आम्हाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून त्यात माणूस मन मोकळं करतो. मीही केलं. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं: माननीय साहेब, सविनय अर्ज सादर करते की मी सावली येथील रहिवासी असून, येथील कॅफेत एक नंबरची मशीन मालकांच्या नातलग बाईस देण्यात येते व मला मागची. त्या बाईच्या मशीनवर माझा नवरा पूर्ण हसतो. माझ्या मशीनवर तो हसतो किंवा कसे ते कळून येत नाही. त्याने मिशी काढल्याचे मला त्या बाईकडून कळले. सदर हसण्यावर माझा हक्क असताना ते दुसरीकडे जात आहे. तरी साहेबांनी याची दखल घेऊन सर्वांना सारखी लाइन देण्याची कृपा करावी.

बटन दाबलं. हलकी झाले. पुढच्या शुक्रवारपर्यंत मी भाभीशी चांगली वागले, तिला वालाच्या शेंगासुद्धा दिल्या.

पुढच्या शुक्रवारी आम्ही कॅफेत गेलो तेव्हा भाईजान माझ्याकडं बघेनात. भाभी पेटीत बसली. तिच्या नवऱ्याचा आवाज आला, आज तो हसत नव्हता. मग त्यानं वाचायला सुरुवात केली. माझा अर्ज. माननीय साहेब पासून कृपा करावी पर्यंत, स्पीकरवर, अख्ख्या खोलीत. त्या पानावर सगळ्यांची म्हणणी छापून येत होती आणि माझ्या यादीतल्या प्रत्येकाला त्याचा पत्ता गेला होता. यादीत कोण? नागपूरची मैत्रीण, माझा नवरा, भाभीचा नवरा, आणि ज्यांनी मला मेलचं खातं उघडून दिलं होतं ते भाईजान. तिकडं कॅम्पात खोलीतल्या सगळ्यांनी ते वाचलं होतं. एका केरळच्या माणसाला मराठी येत नव्हतं तर त्याला हिंदीत समजावून सांगितलं म्हणे.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं ते. पण मी उठले नाही. म्हटलं, काय खोटं लिहिलं? एक शब्द खोटा दाखवा.

भाभी पेटीचं दार उघडून माझ्यापुढं येऊन उभी राहिली. तिचे डोळे लाल झालेले. "तूने अमरीका को लिख दिया," ती म्हणाली, "मेरे को बोलने में क्या जाता था?"

मी पडद्याकडं तोंड फिरवलं. मग माझा नंबर आला. चौकड्या आल्या, त्यात अर्धा गाल आला. "तू हे काय... सगळे इथी... हसून..." आणि अडकलं. तो चिडला होता की त्याला हसू येत होतं, गालावरून कळेना. त्या आठवड्यात मी जेवढी कुढले तेवढी कधी कुढले नाही. भाभीला माझ्या नवऱ्याचा राग कसा दिसला हेसुद्धा माहीत असणार, आणि मला नाही.

बातमी आमच्या सासूपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? संध्याकाळी मामींनी, मी सासूला मामीच म्हणते, चुलीपुढून विचारलं, "काऊन वं, अमेरिकेले अर्ज देल्ला म्हणे तू?"

मी सगळं सांगितलं. बनवून सांगितलेले निरोपसुद्धा. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "म्हंजे वर्सभर माह्या पोराचं तोंडच नाई पाह्यलं तू?"

"नाई मामी."

"मंग तलावावर हिस्से पाडतो तसे पाडा म्हना न त्याले. त्यात अमेरिका कायले पायजे?"

आमचं सासर ढिवरांचं, मासे धरणाऱ्यांचं. तलावात सगळ्यांनी मिळून जाळं ओढलं की मासोळी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, ओततात आणि ढीग करतात. कितीही सारखे करा, एका ढिगात चांगला रोहू जातो आणि एकात निरे बारके झिंगे. म्हणून एक जण ढिगांकडं पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगाला हात लावून विचारतो, हे कोनाचं? पाठ केलेला नाव घेतो. ज्याचं नाव निघालं त्यानं तो ढीग उचलायचा आणि घरी जायचं. कुरकुर नाही. पाळीवर पाटील येऊन उभा राहिला तरी त्याला ढीग निवडू देत नाहीत.

पुढच्या शुक्रवारी सासूबाई डोक्यावर पदर घेऊन आमच्यासोबत कॅफेत आल्या. आयुष्यात पहिल्यांदा. सगळ्या मशिनी बघितल्या, काचेची पेटी बघितली, आणि भाईजानला म्हणाल्या, "तुही लाइन एकच हाये न, भाऊ?"

"हव बाई."

"एकाच तलावातून सगळ्याइले येऊन राह्यली न? मंग एकाले सगळे रोहू अन् बाकीच्याइले झिंगे काऊन?"

"अम्मा, ये मच्छी थोडी है. लाइन सबको बराबर बाँटी तो किसीका भी चेहरा नहीं आता."

"नको वाटू. पन पाठ फिरवून नाव घे."

तिथं एक ठेकेदार बसला होता, तेंदूपत्त्याचा. तो म्हणाला, "म्हातारे, मी जास्त पैसे देतो न." सासूबाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. भाईजान मात्र घाम पुसत होते. त्यांच्या डोक्यात वेगळंच होतं. हळूच मला म्हणाले, "बेटी, वो पन्ने पे सावली का नाम आ गया. अमरीका से फोन-बिन तो नहीं आएगा ना?" मला ठाऊक होतं, कुत्रंसुद्धा विचारणार नाही. मी म्हटलं, "काय सांगता येते, भाईजान."

एवढं पुरलं. ठरलं असं की शुक्रवारी दुपारी पाठ फिरवून नावं घ्यायची. बाकी दिवस ठेकेदारांचे.

सासूबाई रस्त्याकडं तोंड करून दारात उभ्या राहिल्या. भाईजाननी एका मॉनिटरवर हात ठेवला. "ये किसका?"

"ठेकेदाराचं." ठेकेदाराला मागची मिळाली. मला उकळ्या फुटल्या.

मग पेटीच्या काचेवर हात. "ये किसका?"

"टेलरच्या सुनेचं," माझी सख्खी सासू म्हणाली.

बघा! माझीच सासू, माझ्याच भांडणासाठी आलेली, आणि तोंडातून नाव कोणाचं तर हिचं. भाभी ओढणीत तोंड लपवून हसली. मी रस्ताभर सासूशी बोलले नाही. त्या म्हणाल्या, "पाठ केल्यावर मले का डोळे हायेत मागं?" त्याच्या पुढच्या शुक्रवारी एक नंबर कॉलेजच्या एका मुलीला गेला. मी दात-ओठ खात चौकड्या बघितल्या.

तिसऱ्या शुक्रवारी माझं नाव निघालं.

भाभीला भिंतीजवळची मशीन मिळाली, माझीच जुनी. मी पेटीत बसले, दार ओढलं नाही, मुद्दाम. मला ऐकायचं होतं. म्हटलं, आता कळेल बाईसाहेबांना चौकड्या काय असतात. आता म्हण, आवाज येऊन राह्यला का. मी अक्षरशः हाताची घडी घालून, चेहरा हसरा करून वाट बघत होते.

तिच्या पडद्यावर चौकड्या आल्या असणार, कारण ती ओरडली, "अजी, तुमारी नाक कहाँ गई?"

"तेरे पास ही छोड के आया!" तिचा नवरा तुटत-तुटत म्हणाला. आणि मग माझा नवरा, अर्धा-अर्धा शब्द करत, "भाभी, तुमचा... एकच डोळा... मारक्या म्हशीवानी..." आणि हशा. खटका, परत हशा. ती आडोशात पोट धरून हसत होती. लाइन तीच, मशीन तीच, वर्षभर मी जिच्यापुढं रडले ती. माझा हसरा चेहरा कधी उतरला मला कळलं नाही.

तरी मी मनाला म्हटलं, चल, आता तुझा नंबर.

आणि तो आला. अव माय! सगळा आला. कपाळ, भुवया, दोन्ही डोळे, मिशीविना नवा-नवा ओठ. हनुवटीवर वेल्डिंगच्या ठिणगीचा डाग, तो मला भाभीनंही सांगितला नव्हता, म्हणजे हा पहिल्यांदा मीच बघितला. गाल बसलेले. मी पदरानं पडदा पुसला, कुठं धूळ नसताना.

"दिसून राह्यले तुमी," मी म्हटलं. "पुरे दिसून राह्यले."

"हव. तूबी."

"जेवले का?"

"हव."

"काय जेवले?"

"भात."

"ऊन लय हाये का तिकडं?"

"हव, हाये."

मी वर्षभराचं साठवलेलं काढलं. मागच्या छपराचं सांगितलं, मामींच्या गुडघ्याचं सांगितलं, हिस्से कसे पाडले आणि ठेकेदाराचं तोंड कसं झालं ते नक्कल करून सांगितलं. मला वाटलं इथं हसेल. तो म्हणाला, "हव का." मी अर्जाचं काढलं. म्हटलं, रागावले का? तो म्हणाला, "नाई." मग मी थांबले, त्यानं काही विचारावं म्हणून. काहीही. तुझं कसं चाललं, एवढं जरी.

तो समोर बघत होता. मी समोर बघत होते. आणि सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "अडकलं वाटते."

तो हलला नाही. तोंड थोडं उघडं, डोळे एका जागी. मी म्हटलं, "हॅलो? आवाज येऊन राह्यला का?" काही नाही. अडकलं होतं. म्हटलं, एक नंबरचीसुद्धा हीच गत. माझ्याच नशिबाला ही लाइन. भाईजानला हाक मारायला मी तोंड वळवणार, एवढ्यात त्याच्या मागं दोरीवर वाळत घातलेला टॉवेल मला दिसला. तो पंख्याच्या वाऱ्यानं हलत होता. सारखा हलत होता. मग खोलीतला कोणी माणूस हातात ताट घेऊन मागून गेला, इकडून तिकडं, सावकाश.

माझा नवरा तसाच. अर्धं तोंड उघडं ठेवून, श्वास धरून. मी त्याच्या डोळ्यांत बघत राहिले. मग त्याची पापणी लवली.

मी बंद केलं. मीच केलं.

बाहेर भाभी दारात उभी होती, हसून-हसून तिचा चेहरा अजून लाल होता. "दिखे ना आज? एकदम साफ?"

"कायचं साफ," मी चपला शोधत म्हटलं. "एक नंबरबी अडकते, भाभी."

ती वर्षभर त्या मशीनवर बसली होती. ती कधी अडकत नाही हे तिच्याएवढं कोणालाच ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडं बघितलं, खाली वाकून माझी चप्पल माझ्यापुढं सरकवली. त्या घडीला मला तिचा जेवढा हेवा वाटला तेवढा त्याआधी कधी वाटला नव्हता, आणि आता भांडायला मशीनही उरली नव्हती.